डॉक्टरांची असिस्टंट की असिस्टंट डॉक्टर?

गेल्या उन्हाळ्यात माझ्या इंग्रजीच्या वर्गातली एक मुलगी बायोडेटा तपासून घ्यायला आली. बारावीनंतर दोन वर्षं ती एका दातांच्या दवाखान्यात कामाला होती. हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये टाकून निर्जंतुक करायची, डॉक्टर दात कोरत असताना पेशंटच्या तोंडात सक्शनची नळी धरायची, सिमेंट कालवून द्यायची, तारखा लावायची. आता तिला पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात अर्ज करायचा होता. अनुभवाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, ‘असिस्टंट डेंटिस्ट, टू इयर्स’.

मी विचारलं, “तू डेंटिस्ट आहेस?”

ती दचकली. “नाही मॅडम! मी डॉक्टरांची असिस्टंट होते. तेच लिहिलंय ना?”

तिच्या मनात तेच होतं, कागदावर मात्र उलटं उतरलं होतं. ‘असिस्टंट डेंटिस्ट’ याचा इंग्रजीत एकच अर्थ होतो: दंतवैद्यकाची पदवी असलेली, पण मुख्य डॉक्टरांपेक्षा कनिष्ठ अशी दंतवैद्य. म्हणजे शिक्षण नसताना डॉक्टर असल्याचा दावा. मुलगी सरळ आणि कामाला चोख. केवळ दोन शब्दांच्या जागा चुकल्यामुळे ती खोटं बोलणारी ठरली असती, आणि असा अर्ज समोरच्याने फोन न करता बाजूला ठेवला असता.

‘असिस्टंट’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो इंग्रजी आहे हेही लक्षात राहत नाही. साहेबांचा असिस्टंट, वकिलांची असिस्टंट, शूटिंगवरचा असिस्टंट. मराठी वाक्यात तो बिनचूक बसतो. इंग्रजी वाक्य लिहायला घेतलं की मात्र त्याच्या आधी काय, नंतर काय, मध्ये कोणता छोटा शब्द, इथे गाडी अडते. हा गुंता सुटतो, आणि तो सोडवायला लागणारं व्याकरण आपण शाळेत मराठीच्याच तासाला शिकलेलो असतो.

शेवटचं पद प्रधान

तत्पुरुष समास आठवा. राजपुत्र म्हणजे राजाचा पुत्र. तो पुत्र आहे, राजा नव्हे. घोडागाडी ही गाडी आहे, घोडा नव्हे. दुसरं पद प्रधान, पहिलं पद त्याची ओळख सांगणारं. इंग्रजीत दोन नामं शेजारी बसली की जवळजवळ नेहमी हाच नियम चालतो. शेवटी जो शब्द येतो, तो माणूस कोण आहे ते सांगतो.

म्हणून ‘असिस्टंट इंजिनिअर’ हा इंजिनिअरच असतो. आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता, सहायक अभियंता, उपअभियंता, कार्यकारी अभियंता अशी चढती रांग आहे आणि त्यातला प्रत्येक जण अभियंता आहे. ‘सहायक’ हा शब्द त्याची पायरी सांगतो. उलट ‘अभियंत्याचा सहायक’ म्हटलं की आपल्याला वेगळा माणूस दिसतो. तो टेप धरत असेल, नकाशे सांभाळत असेल, साइटवर फोन घेत असेल. तो अभियंता असेलच असं नाही. मराठीत हा फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. अडचण इतकीच की इंग्रजीत जाताना ‘अभियंत्याचा’ मधला ‘चा’ गळून पडतो आणि उरलेले दोन शब्द हाताला येतील त्या क्रमाने बसतात.

पोलिसांत पाहा. सहायक पोलीस निरीक्षक, म्हणजे ज्यांना आपण एपीआय म्हणतो, ते कोणा निरीक्षकाचे खाजगी मदतनीस नसतात. उपनिरीक्षक आणि निरीक्षक यांच्यामधली ती पायरी आहे. विद्यापीठांत यूजीसीच्या २०१० च्या नियमांनंतर लेक्चरर आणि रीडर ही नावं मागे पडली आणि असिस्टंट प्रोफेसर, असोसिएट प्रोफेसर, प्रोफेसर अशी रचना आली. त्या वेळी माझ्या एका मैत्रिणीच्या सासूबाईंनी काळजीने विचारलं होतं, “अगं, इतकी वर्षं लेक्चरर होतीस, आता कुणाच्या हाताखाली असिस्टंट केलं तुला?” त्यांचा प्रश्न रास्त होता. नाव बदललं होतं, वर्ग तोच, विद्यार्थी तेच, काम तेच. असिस्टंट प्रोफेसर कोणाही प्रोफेसरची असिस्टंट नसते. ती स्वतंत्रपणे शिकवते, स्वतःचं संशोधन करते. मराठीत आपण ‘सहायक प्राध्यापक’ म्हणतो, ‘प्राध्यापकांचे सहायक’ म्हणत नाही, ते याचमुळे.

चित्रपटाच्या सेटवर हा फरक फार स्पष्ट दिसतो. ‘असिस्टंट डायरेक्टर’ हे एका खात्यातलं पद आहे. पहिला असिस्टंट डायरेक्टर शूटिंगचं वेळापत्रक आखतो, सेटवरचा दिवस हाकतो, कोणता शॉट कधी लागणार याचा हिशोब ठेवतो. ‘असिस्टंट टू द डायरेक्टर’ हे वेगळंच काम आहे. त्यात दिग्दर्शकाचे फोन, भेटी, प्रवास, कागदपत्रं येतात. दोन्ही कामं कष्टाची आहेत, पण मधला ‘टू द’ गाळला की एका कामाचा माणूस दुसऱ्याच कामाच्या मुलाखतीला जाऊन बसतो.

शिक्षकांनी विशेष जपावं

या शब्दामुळे सगळ्यात जास्त नुकसान माझ्या पाहण्यात शिक्षकांचं झालं आहे. मुख्याध्यापक सोडून शाळेतले बाकीचे सगळे आपल्याकडे सहशिक्षक किंवा उपशिक्षक. इंग्रजी कागदांवर त्यांचं पद येतं ‘असिस्टंट टीचर’. वीस वर्षं दहावीचं गणित शिकवलेल्या, स्वतः वर्गशिक्षक राहिलेल्या, बोर्डाचे पेपर तपासलेल्या बाईही कागदावर असिस्टंट टीचरच असतात. इथे कोणाचा गैरसमज होत नाही, कारण आपल्याला पद्धत माहीत असते.

त्याच बाई मुलाकडे परदेशी गेल्या आणि तिथल्या शाळेत अर्ज केला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दुसरं चित्र उभं राहतं. तिकडे वर्गात मुख्य शिक्षकाबरोबर एक मदतनीस असते. मुलांना रंग काढून देणारी, मागे पडलेल्या मुलाजवळ बसणारी. ब्रिटनमध्ये तिला ‘टीचिंग असिस्टंट’ म्हणतात. अमेरिकेच्या विद्यापीठात तोच शब्द पदव्युत्तर विद्यार्थ्याला लावतात, जो प्राध्यापकांच्या वतीने उत्तरपत्रिका तपासतो, छोटे वर्ग घेतो. ‘असिस्टंट टीचर’ वाचलं की तिकडच्या माणसाला यातलंच काहीतरी वाटतं. व्याकरण इथे बिनचूक आहे, तरी अर्थ पोचत नाही.

अशा वेळी पदाचं अधिकृत नाव बदलू नये, कारण अनुभवाच्या दाखल्यावर तेच असतं. मात्र त्याखाली एक ओळ जोडावी: पूर्ण वेळ विषयशिक्षिका, इयत्ता नववी-दहावी, गणित, अमुक वर्षं स्वतंत्र वर्गाची जबाबदारी. मी असं पाच-सहा जणींना लिहून दिलं आहे आणि दर वेळी मनात येतं की ही ओळ त्यांना कोणीतरी आधीच सांगायला हवी होती.

‘असिस्टंट’च्या आधी काय बसतं

आता उलट बाजू. ‘असिस्टंट’ शेवटी आला, म्हणजे माणूस खरोखर मदतीचं काम करतो. मग त्याच्या आधी कोणता शब्द?

आपल्याकडच्या बायोडेटात मला वारंवार दिसतं: ‘डॉक्टर असिस्टंट’, ‘लॉयर असिस्टंट’, ‘अकाउंटंट असिस्टंट’, ‘डेंटिस्ट असिस्टंट’. अर्थ कळतो, पण इंग्रजी कानाला खटकतं. इंग्रजीची सवय अशी, की ‘असिस्टंट’च्या आधी कामाचं किंवा जागेचं नाव बसतं, माणसाचं नाही. वकिलांच्या ऑफिसातला तो ‘लीगल असिस्टंट’. हिशोबनिसाकडचा ‘अकाउंट्स असिस्टंट’. दातांच्या दवाखान्यातली ‘डेंटल असिस्टंट’. ग्रंथालयातला ‘लायब्ररी असिस्टंट’, प्रयोगशाळेतला ‘लॅब असिस्टंट’, संशोधनात मदत करणारी ‘रिसर्च असिस्टंट’. दुकानातल्या काउंटरवरच्या माणसाला ब्रिटनमध्ये ‘शॉप असिस्टंट’ म्हणतात, अमेरिकेत त्यालाच ‘सेल्स क्लार्क’ किंवा ‘सेल्स असोसिएट’.

माणसाचाच उल्लेख करायचा असेल तर तो ‘चा-ची-चे’ सकट करावा. ‘डॉक्टर्स असिस्टंट’ लिहिताना ‘डॉक्टर’नंतर वर स्वल्पविराम आणि मग एस. तो वरचा स्वल्पविराम म्हणजे आपला ‘चा’.

या नियमाला एक प्रसिद्ध अपवाद आहे आणि त्यामागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी एक नवा अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टर कमी पडत होते, आणि नौदलात वैद्यकीय सेवा करून परतलेले अनुभवी लोक हाताशी होते. त्यांना शिकवून डॉक्टरांच्या जोडीने काम करणारा एक नवा व्यवसाय उभा राहिला. त्याचं नाव ‘फिजिशियन असिस्टंट’, थोडक्यात पीए. हे लोक पेशंट तपासतात, निदान करतात, औषधं लिहून देतात. लोक त्यांना सवयीने ‘फिजिशियन्स असिस्टंट’ म्हणत, म्हणजे ‘डॉक्टरांचा मदतनीस’. या व्यवसायाने त्या ‘चा’ला सतत नकार दिला. आम्ही एका डॉक्टरच्या मालकीचे नाही, हा आमचा स्वतंत्र पेशा आहे, असं त्यांचं म्हणणं. एक स्वल्पविराम आणि एक एस, पण त्यात माणसाची अख्खी प्रतिष्ठा अडकलेली.

पुढे २०२१ मध्ये त्यांच्या अमेरिकन संघटनेने ‘असिस्टंट’ हा शब्दच सोडायचा ठराव केला आणि ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव स्वीकारलं. ब्रिटनमध्ये नेमकं उलट घडलं. तिथे हेच काम करणारे आधीच ‘फिजिशियन असोसिएट’ म्हणवत होते. पेशंटना ते डॉक्टर वाटतात, अशी तक्रार वाढत गेली. सरकारने प्रा. जिलियन लेंग यांच्याकडे चौकशी सोपवली. जुलै २०२५ च्या त्यांच्या अहवालात शिफारस होती की यांना पुन्हा ‘फिजिशियन असिस्टंट’ म्हणावं. समुद्राच्या एका काठावर ‘असिस्टंट’ शब्दाने कमीपणा येतो म्हणून तो काढला, दुसऱ्या काठावर तोच शब्द पेशंटला सत्य सांगतो म्हणून परत आणायचं ठरलं. मला दोन्ही बाजू पटतात. काम करणाऱ्याला मान हवा, आणि आजारी माणसाला आपल्यासमोर कोण बसलंय हे कळायला हवं. ज्याला ही ओढाताण समजली, तो ‘असिस्टंट’ शब्द कधी निष्काळजीपणे लिहिणार नाही.

‘चा’चं इंग्रजी

मराठीचा ‘चा’ फार कष्टाळू आहे. साहेबांचा असिस्टंट, ऑफिसचा असिस्टंट, दोन वर्षांचा अनुभव, हे सगळं तो एकटा ओढतो. इंग्रजीत हे काम वाटून दिलेलं आहे, आणि आपण सवयीने सगळीकडे ‘ऑफ’ लावतो. ‘असिस्टंट ऑफ मॅनेजर’ हे त्यातूनच येतं.

व्यक्तीशी जोडताना ‘टू’ लावावा: ‘असिस्टंट टू द मॅनेजर’. मदत कोणाकडे वाहते, ती दिशा ‘टू’ दाखवतो. जागेशी जोडताना ‘ॲट’ किंवा ‘इन’: ‘ॲन असिस्टंट ॲट अ डेंटल क्लिनिक’, ‘ॲन असिस्टंट इन द अकाउंट्स डिपार्टमेंट’. आपण ‘हाताखाली’ म्हणतो म्हणून ‘असिस्टंट अंडर मिस्टर अमुक’ असंही लिहिलं जातं. ‘वर्क्ड अंडर’ चालतं, पण ‘असिस्टंट’ला ‘अंडर’ लावू नये, तिथे ‘टू’च शोभतो.

दुसरा अडथळा ‘ॲन’चा. मराठीत ‘मी असिस्टंट आहे’ पुरतं, म्हणून ‘आय ॲम असिस्टंट’ लिहिलं जातं. इंग्रजीत अनेकांपैकी एक असाल तर ‘ॲन’ हवाच: ‘आय ॲम ॲन असिस्टंट’, ‘आय वर्क्ड ॲज ॲन असिस्टंट’. ‘ॲन’ का, तर शब्द स्वराने सुरू होतो. एका वेळी एकाच माणसाकडे असलेलं ठरावीक पद असेल तर मात्र तो गाळता येतो: ‘ती अमुक विभागाची असिस्टंट कमिशनर नेमली गेली’ हे इंग्रजीत सांगताना ‘शी वॉज अपॉइंटेड असिस्टंट कमिशनर’ एवढं बरोबर आहे. शंका असेल तिथे ‘ॲन’ ठेवावा, चूक होण्याचा धोका कमी.

अनेकवचनाचा एस नेहमी शेवटच्या शब्दाला लागतो. ‘रिसर्च असिस्टंट्स’, ‘असिस्टंट इंजिनिअर्स’. पुन्हा तेच, शेवटचं पद प्रधान. आणि बाई असो वा पुरुष, शब्द एकच. मराठीत सहायक आणि सहायिका असे दोन शब्द आहेत, इंग्रजीत ‘लेडी असिस्टंट’ लिहायची काही गरज नाही.

आणखी एक जुळं भावंड आहे, ते वेगळं ओळखायला शिका. ‘असिस्टंट्स’ म्हणजे मदत करणारी माणसं. ‘असिस्टन्स’ म्हणजे मदत. बोलताना दोन्ही जवळजवळ सारखे ऐकू येतात, म्हणून लिहिताना सरमिसळ होते. ‘थँक यू फॉर युअर असिस्टंट’ असं आभाराच्या पत्रात मी वाचलं आहे. त्याचा अर्थ ‘तुमचा माणूस मला दिल्याबद्दल आभारी आहे’ असा होतो! ‘असिस्टन्स’ मोजता येत नाही. पाणी, दूध, धीर यांच्यासारखीच ती वस्तू. म्हणून ‘ॲन असिस्टन्स’ नाही आणि ‘असिस्टन्सेस’ तर नाहीच. क्रियापद ‘असिस्ट’ वापरायचं झालं तर पुढे ‘इन’ किंवा ‘विथ’ येतो: ‘आय असिस्टेड द डेंटिस्ट विथ प्रोसीजर्स’, ‘असिस्टेड इन स्टरिलायझिंग इन्स्ट्रुमेंट्स’. बायोडेटात पदाच्या नावापेक्षा हीच वाक्यं जास्त काम करतात, कारण हात कशावर बसला आहे ते त्यातून कळतं.

तिष्ठत उभा असलेला

स्पेलिंगची धास्ती घेणाऱ्या मुलांना मी या शब्दाची जन्मकथा सांगते, कारण ती ऐकल्यावर स्पेलिंग विसरत नाही. मुळात हा लॅटिन ‘असिस्तेरे’. ‘अद’ म्हणजे जवळ, ‘सिस्तेरे’ म्हणजे उभं राहणं किंवा उभं करणं. जवळ उभा राहणारा तो असिस्टंट. हे ‘सिस्तेरे’ आणि संस्कृतातलं ‘तिष्ठति’ एकाच मूळ धातूची लेकरं आहेत, ज्यातून आपला ‘स्था’ही आला. मराठीत आपण म्हणतो, “तासभर तिष्ठत उभं केलं मला.” त्या ‘तिष्ठत’मध्ये आणि ‘असिस्टंट’मध्ये हजारो वर्षांपूर्वीचं एकच रक्त आहे.

आपला ‘सहाय’ त्याहून मला प्रिय. संस्कृतात ‘सहाय’ हे आधी माणसाचं नाव आहे: सोबती, बरोबर जाणारा. ‘सह’ आणि ‘जाणे’ या अर्थाचा धातू यांतून तो आला असावा असं कोशकार मानतात. लॅटिनचा मदतनीस शेजारी उभा राहतो, संस्कृतचा बरोबर चालतो. या ‘सहाय’पासून ‘सहायक’, आणि भाववाचक नाम ‘साहाय्य’. म्हणून ‘सहायक’मध्ये एकच य. ‘सहाय्यक’ आता सरकारी पाट्यांवरही दिसतो, पण मी वर्गात ‘सहायक’च लिहायला सांगते.

फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला आणि फ्रेंचमधूनच त्याने शेवटी ए-एन-टी आणलं. जर्मन आणि डच लोक आजही शेवटी ई-एन-टी लिहितात, कारण त्यांनी लॅटिनचं रूप धरलं. गंमत अशी की याच ‘सिस्तेरे’पासून आलेल्या ‘कन्सिस्टंट’, ‘पर्सिस्टंट’, ‘इन्सिस्टंट’ यांना इंग्रजीत ई-एन-टी आहे, आणि ‘असिस्टंट’, ‘रेझिस्टंट’ यांना ए-एन-टी. यात तर्क शोधू नये, पाठ करावं. सुरुवात ए ने होते, शेवटही ए-एन-टी ने होतो, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. सुरुवातीला एस दोनदा. उच्चारात जोर दुसऱ्या अक्षरावर, ‘सिस्’वर, आणि पहिला ‘अ’ अगदी हलका. म्हणून मी ‘ॲसिस्टंट’ न लिहिता ‘असिस्टंट’ लिहिते.

संक्षेप करायचा तर ए-एस-एस-टी आणि मग टिंब. टी गाळून फक्त पहिली तीन अक्षरं लिहू नयेत. त्या तीन अक्षरांचा इंग्रजीत स्वतंत्र, अपमानकारक अर्थ आहे, आणि एका कारखान्याच्या हजेरीपटावर मी ती पूर्ण रांगभर लिहिलेली पाहिली आहेत.

शेजारचे शब्द

‘हेल्पर’ आणि ‘असिस्टंट’ कोशात एकच, व्यवहारात नाहीत. आपल्या कारखान्यांत हेल्पर म्हणजे कारागिराच्या हाताखाली उचल-ठेव करणारा, अजून कसब न शिकलेला. हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या मुलीने स्वतःला हेल्पर लिहिलं तर तिने शिकलेलं सगळं पुसलं जातं. मात्र जिथे पदाचं नावच तसं आहे तिथे तेच लिहायचं. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या अंगणवाडी मदतनीस इंग्रजीत ‘अंगणवाडी हेल्पर’ आहेत. ‘मदतनीस’ हा मला मराठीतला सर्वांत आपुलकीचा शब्द वाटतो. ‘मदत’ अरबी-फारसीतून आलेली, आणि शेवटचा ‘नीस’ फडणीस, चिटणीस यांच्या घराण्यातला दिसतो. तिथे तो ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. इथे लेखणी गळाली आणि नुसता हात उरला.

‘एड’ हा शब्द बातम्यांत भेटतो. मंत्र्याचा निकटवर्तीय, सल्लागार, विश्वासू माणूस. यात शेवटी ई असतो, आणि तो ई फक्त माणसासाठी. ई नसलेला ‘एड’ म्हणजे मदत किंवा साधन: ‘फर्स्ट एड’, ‘हिअरिंग एड’, अनुदानित शाळेतला ‘ग्रँट-इन-एड’. राज्यपालांसोबत गणवेशात असणारे एडीसी, म्हणजे आपले परिसहायक, हे ई असलेल्या ‘एड’चंच फ्रेंच रूप. अमेरिकेत घरी येऊन वृद्धांची सेवा करणाऱ्यांना ‘होम हेल्थ एड’ म्हणतात. मुलांकडे राहणाऱ्या आजी-आजोबांच्या कागदांत हा शब्द हमखास येतो.

‘डेप्युटी’ ही वेगळी गोष्ट. मुख्य माणूस नसताना त्याच्या खुर्चीचे निर्णय घेऊ शकतो तो डेप्युटी, म्हणून पोलीस उपायुक्त हे सहायक आयुक्तांच्या वरचे. आणि मंत्र्यांचे ‘स्वीय सहायक’ म्हणजे पर्सनल असिस्टंट, ज्यांना सगळा महाराष्ट्र पीए म्हणतो. ‘स्वीय’ म्हणजे स्वतःचा. मराठी राजभाषेतल्या जड शब्दांमधला हा एक नेमका आणि सुंदर शब्द.

इंग्रजीतून मराठीत एक ‘सहायक’ पुरतो, म्हणून उलट जाताना फसायला होतं. उपकेंद्रातल्या ‘सहायक परिचारिका प्रसाविका’, ज्यांना गावोगाव एएनएम म्हणतात, त्यांच्या नावात ‘असिस्टंट’ नाही. ती ए ‘ऑक्झिलरी’ची. व्याकरणातलं सहायक क्रियापदही ‘ऑक्झिलरी’च. मराठी पदनाम इंग्रजीत नेताना स्वतः भाषांतर करू नये, नेमणुकीच्या आदेशावरचं इंग्रजी नाव पाहून उतरवावं.

त्या मुलीच्या बायोडेटात आम्ही ‘असिस्टंट डेंटिस्ट’ खोडून ‘डेंटल असिस्टंट’ लिहिलं. खाली चार ओळी, प्रत्येक क्रियापदाने सुरू होणारी: निर्जंतुक केली, मदत केली, कालवलं, नोंदी ठेवल्या. तिने विचारलं, “मॅडम, सिमेंट कालवणंसुद्धा लिहायचं?” मी म्हटलं, तेच तर लिहायचं. मग तिने स्वतःच पाचवी ओळ जोडली, लहान मुलं खुर्चीत बसायला घाबरायची तेव्हा मी त्यांचा हात धरून उभी राहायचे. ती ओळ इंग्रजीत नीट बसवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला.